रेतीच्या खदानीची उभी कड

पुलांवर काम केलेला माणूस भेटला की लोक पुलांबद्दल विचारतात. गाळे किती, पाया किती खोल, पूर आला तेव्हा काय झालं. ज्या खड्ड्यातून तो पूल वर आला त्याबद्दल कोणी विचारत नाही. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. मोऱ्या, पूल, घाटाच्या संरक्षक भिंती असं बरंच काही हातून झालं आणि त्यातलं बहुतेक अजून उभं आहे, याचा मला अभिमान आहे. पण या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा डोळ्यांपुढे आली ती एक टाकून दिलेली रेतीची खदान. तिथं मी काहीच बांधलं नाही.

गोष्ट भाषावार राज्यं होण्याच्या थोडी आधी सुरू होते. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातला एक तालुका होता. तापीला मिळणाऱ्या एका नाल्यावर तीन गाळ्यांचा पूल बांधायचं काम माझ्याकडे आलं. नाला आठ महिने कोरडा, पण पावसाळ्यात असा फुगायचा की पलीकडची गावं दोन-दोन दिवस तुटून पडत.

ज्यांनी घराचं बांधकाम कधी केलं नाही त्यांना रेती म्हणजे रेती वाटते. आमच्या लेखी ती फार नखरेल वस्तू आहे. मुठीत घेऊन दाबली की चरचर आवाज यायला हवा, आणि मूठ उघडली की हाताला माती चिकटलेली नको. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे काचेची बाटली. अर्धी रेती, वर पाणी, चांगलं हलवायचं आणि ठेवून द्यायचं. रेती खाली बसते, गाळ तिच्यावर साचतो. गाळाचा थर जाड दिसला की रेती नापास, कारण मातकट रेतीचं काँक्रीट वरून छान दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. माझ्या खिशात कायम अशी एक चपटी बाटली असे. तिच्यामुळे माझ्याबद्दल गावात काही गैरसमजही झाले होते.

नाल्याच्या पात्रातली रेती नापास झाली. तापीची रेती उत्तम, पण ती बैलगाड्यांनी आणायची तर फार लांबची वाट. तेव्हा माझा मुकादम रूपसिंग म्हणाला की नाल्यापासून हाकेच्या अंतरावर जुनी खदान आहे. पूर्वी कधी रस्त्याच्या मोऱ्यांसाठी खणली आणि काम संपल्यावर तशीच टाकून दिली. रूपसिंग तळोद्याकडचा भिल्ल, घरी भिली बोलायचा आणि आमच्याशी अहिराणी. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी.

आम्ही खदानीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा तो थांबला.

"रेती शे साहेब, पण तठे राघूसनं गाव बी शे. पहिले दखी ल्या."

आत गेलो. खड्डा बराच मोठा होता. तळाच्या एका बाजूला स्वच्छ उथळ पाणी साचलेलं, त्याच्या कडेला पाणकणीस. समोर दीड-दोन पुरुष उंचीची सरळ उभी कड, जणू सुरीनं कापलेली. सगळ्यात वर काळी जमीन, खाली पिवळसर मातकट रेतीचा जाड पट्टा, आणि तळाशी मला हवी होती ती रेती, पांढुरकी आणि कणीदार. मधल्या पिवळ्या पट्ट्यात भोकंच भोकं होती. भोकांच्या तोंडाशी हिरवे राघू येत-जात होते. पोपट नव्हेत, लांब चोचीचे, शेपटीतून दोन काड्या निघालेले, उडता उडता माशी पकडणारे. मराठीत त्यांना वेडा राघू म्हणतात. त्यांच्यात वेडं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मी आधी माझी बाटली काढली. तळाची रेती अव्वल निघाली. सहज म्हणून पिवळ्या पट्ट्यातली मूठभर घेऊन पाहिली, तर ती सपशेल नापास. मग लक्षात आलं की राघूंनी निवडलेली रेती नेमकी हीच. शुद्ध रेतीत भोक पाडलं तर ते ढासळतं. थोडी माती मिसळलेली असली की बोगदा टिकतो. ज्या कारणासाठी मी ती फेकून देत होतो त्याच कारणासाठी त्यांना ती हवी होती. दोन जाणकारांची एकाच मालाबद्दल अशी उलट मतं पडलेली पाहून मला मौज वाटली.

पाया आणि खांब होईपर्यंत अडचण आली नाही. तेवढी रेती खदानीच्या दुसऱ्या अंगाला मिळाली. चाळताना निघालेल्या मातकट रेतीचा ढीग आम्ही तिथंच एका बाजूला टाकत गेलो. दुपारी जेवायला मी खदानीत जाऊन बसू लागलो, कारण सावली फक्त त्या कडेखाली होती. टिटवीनं तळावरच्या खड्यांत अंडी घातली होती. ती शेजारी असूनही दिसत नसत. काळ्या-पांढऱ्या रंगाचा एक खंड्या पाण्यावर हवेतल्या हवेत थांबून सूर मारायचा. बारीक कमरेच्या माश्या तळच्या रेतीत बिळं पाडून आत मेलेले किडे ओढून नेत. आम्ही माणसांनी ओरबाडून टाकलेल्या जागेत इतक्या जणांनी संसार मांडला होता, आणि आजूबाजूच्या नांगरलेल्या शेतांत त्यांतलं एकही दिसत नव्हतं.

चैत्र उलटता उलटता स्लॅबची वेळ आली, आणि दुसऱ्या अंगाची रेती संपली. उरली ती फक्त त्या उभ्या कडेखालची. भोकांत तेव्हा पिल्लं होती. कान दिला की आतून किरकिर ऐकू यायची.

मी रूपसिंगला विचारलं, "वरचा पट्टा तसाच ठेवून खालून काढता येईल?"

त्यानं मान हलवली. "खालथून रेती काढी तं वरनं बठं पडी जाई. मन्हा मानसेसवर पडी."

ते खरंच होतं. खालून पोखरलेल्या कडेनं माणसं गाडली गेल्याच्या गोष्टी आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होत्या. कड काढायची तर वरून पायऱ्या पाडत सबंध उतरवायची, दुसरा रस्ता नव्हता. मी म्हणालो, "दोन दिवस थांब. बघतो."

थांबलेलं काम गावात लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषोत्तमभाई आले. हे गुजर पाटील, तापीकाठचे जुने बागायतदार. खदानीच्या कडेवरची काळी जमीन त्यांचीच. खदान खणणाऱ्यांनी त्यांचा बांध खाल्ला होता आणि दर पावसाळ्यात आणखी थोडी जमीन खाली येत होती, म्हणून त्या खड्ड्यावर त्यांचा मुळातच राग. त्यांचं राहतं घर नाल्याच्या पलीकडे.

"काम का थांबनं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पिल्लं उडून जायला महिना-सव्वा महिना लागेल, तोवर रेतीची दुसरी सोय पाहतोय, असं म्हणालो. बोलताना मलाच ते पोकळ वाटायला लागलं होतं.

त्यांनी वळून नाल्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "साहेब, मन्ही सून मांगला पावसायामा त्या नालाना काठवर मरी गयी. बैलगाडीमा. पाणी उतरानी वाट दखता दखता. पोर वाचनी, माय गयी. आते तुम्ही माले पाखरूसनं सांगतस?"

पूल पावसाआधी झाला नाही तर पुन्हा एक पावसाळा तसाच जाणार होता, आणि तो कोणाच्या घरातून काय नेईल ते कोण सांगणार? मी रूपसिंगकडे वळलो आणि उद्या सकाळी कड उतरवायला घे, असं सांगितलं. पुरुषोत्तमभाई निघून गेले.

त्या दुपारीही जेवायला खदानीत गेलो. कडेखाली बसून राहिलो. समोर तो टाकलेल्या रेतीचा ढीग होता. इतके दिवस मी त्याच्याकडे कचरा म्हणून बघत होतो. उठलो, एक घमेलं भरून पाण्याशी नेलं आणि हातानं खळबळून धुतलं. गढूळ पाणी ओतून दिलं, पुन्हा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. मग बाटली काढली. गाळाची रेघ तेवढी उरली होती. रेती पास होती.

आता प्रश्न होता तो वेळेचा. एका स्लॅबला लागणारी रेती घमेल्यानं धुवायची तर दिवाळी उजाडली असती. डबक्यातलं पाणीही पुरलं नसतं. रूपसिंगनं ढिगाभोवती एक फेरी मारली. उतारावर लाकडी पन्हाळ टाकून वरून सतत पाणी सोडलं तर माती वाहून जाईल आणि रेती खाली बसेल, असं आमचं ठरलं. कामावरच्या बायकांची टोळी पन्हाळीत रेती ढवळायला तयार झाली. उन्हाळ्यात पाण्यातलं काम कोणाला नको? पण वरून सोडायला पाणी कुठून आणायचं? आसपास मुबलक पाण्याची विहीर एकच, आणि तिच्यावर ऑइल इंजिन असलेली. ती पुरुषोत्तमभाईंची.

संध्याकाळी नाला ओलांडून मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर झोळीत पोर झोपलेली होती आणि ते दोरी ओढत बसले होते. मी सगळं सांगितलं. कड उतरवण्यापेक्षा धुतलेली रेती लवकर मिळेल असं मी म्हणालो नाही, कारण ते खरं नव्हतं. दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागेल, इतकंच म्हणालो.

"पावसाना पहिले स्लॅब पडी?" त्यांनी विचारलं.

"पडेल. रेती पास झाली नाही तर मी स्वतः कुदळ घेऊन कडेवर चढेन."

झोळीची दोरी थांबली नाही. "इंजिन चालू करी देस मी. राघूसनासाठे नई. पूलनासाठे."

डेप्युटी इंजिनिअर साहेब तपासणीला आले तेव्हा पन्हाळीतून पिवळं पाणी धो धो वाहत होतं. त्यांनी स्वतः बाटली हलवली, मोजमाप केलं आणि म्हणाले, "रेती कुठून आली याच्याशी मला कर्तव्य नाही. धुतलेली आहे, बस." मग कडेकडे बघून त्यांनी विचारलं, "ते हिरवे पक्षी कोणते?" मी नाव सांगितलं.

स्लॅब वेळेत पडला. आषाढात नाला दोन्ही काठ भरून आला आणि पुलाखालून गेला. पुलावरून गेलेली पहिली गाडी पुरुषोत्तमभाईंची होती, आणि तिच्यात चाऱ्याशिवाय काही नव्हतं. ते पुलाच्या मध्यावर गाडी थांबवून खालचं पाणी बघत उभे राहिले. मी लांबूनच परत फिरलो.

इथंच थांबलो असतो तर ही सुखाची गोष्ट झाली असती. पण पुढचं सांगायलाच हवं.

पुलामुळे खात्यात माझा शब्द थोडा वजनदार झाला होता. खदान धोक्याची आहे, पुन्हा खणू नये, असं मी वरिष्ठांच्या गळी उतरवलं. तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. रेती चोरून नेणाऱ्या गाड्या बंद केल्या. पहिली दोन-तीन वर्षं खदान बहरली. कडेवरची भोकं वाढली, थंडीत करड्या पाकोळ्यांनी त्यांच्या वरच्या अंगाला वस्ती केली, पाण्यात कासवं आली. कडक उन्हाळ्यात जेव्हा नाल्यात थेंब नसे तेव्हा संध्याकाळी खोकड पाण्यावर यायचं. पाहुणे आले की मी त्यांना पूल दाखवून खदानीवर न्यायचो. एखाद्या देवळाच्या पुजाऱ्यासारखा मिरवत होतो म्हणा ना.

मग हळूहळू भोकं कमी दिसू लागली. आधी वाटलं, आपल्याला नीट दिसत नसेल. कडेच्या वरच्या काळ्या जमिनीतून पावसाचं पाणी घळी पाडत उतरत होतं. माती खाली येऊन पायथ्याशी साचत होती, आणि उभी कड दरसाल जरा जरा आडवी होत होती. त्या उतारावर गवत आलं, मग झुडपं. उतारावरून घोरपड सहज वर चढे आणि भोकं उकरून अंडी खाई. मी काय केलं? कुंपण आणखी मजबूत केलं. आत कोणाला पाऊलही टाकू देईना. एका उन्हाळ्यात एकही राघू आला नाही. गवत मात्र छान हिरवं होतं.

कोणी मारले नाहीत, कोणी पकडले नाहीत, मग गेले कुठे? ते कोडं मला विसरवाडीला सुटलं. तिथं हमरस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि मोजणीसाठी मला पाठवलं होतं. ट्रक घरघरत जात होते, धुळीचे लोट उठत होते, आणि रस्त्यासाठी मागच्या वर्षी टेकाड कापलेलं होतं तिथं, वाहनांपासून पाच-सात हातांवर, राघू भोकांतून आत-बाहेर करत होते. त्यांना शांतता नको होती. माझं कुंपणही नको होतं. त्यांना ताजी कापलेली उभी कड हवी होती.

त्या रस्त्याच्या कडेला उभा असताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि ती मला जास्त टोचली. या पाखरांना ताज्या कडा पूर्वी कोण कापून देत होतं? नाला आणि तापी. दर पुरात नदी कुठला ना कुठला काठ खरवडते आणि उभा करून ठेवते. आणि माझा धंदा काय? काठ बांधणं. त्या पुलाच्या दोन्ही अंगांना मीच दगडी अस्तर घालून नाल्याचे काठ पक्के केले होते, आणि त्या कामाबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. टाकून दिलेली खदान ही त्यांना चुकून मिळालेली भरपाई होती. ती मी राखली, म्हणजे तिला मरू दिलं.

आता उपाय सोपा होता आणि अवघडही. साचलेली माती उपसायची, झुडपं काढायची आणि कड पुन्हा उभी कापायची. कापायची म्हणजे वरच्या काळ्या जमिनीत शिरायचं. ती जमीन पुरुषोत्तमभाईंची. ज्या माणसाचा बांध त्या खड्ड्यानं आधीच खाल्ला होता त्याच्याकडे आणखी दोन हात जमीन कोणत्या तोंडानं मागायची?

तरी गेलो. ते केळीच्या बागेत पाणी भरत होते. आता थकले होते. मी विसरवाडीचं सगळं सांगितलं. ते फावड्यावर हनुवटी टेकून ऐकत होते.

"म्हणजे पाखरूसले जखम ताजी जोयजे?" त्यांनी विचारलं.

"तसंच म्हणा."

"आन जमीन मन्ही."

"हो."

ते पाण्याचं दार फोडायला वळले. एक वाफा भरून घेतला. मग म्हणाले, "ती कड दरसाल पडसच, साहेब. तुम्ही कापा नैतर पाणी कापी. पन एक सांगस. खाले मानूस उभा ऱ्हावाले नको. वरथून कापा."

रूपसिंगच्या टोळीनं रस्त्याच्या कामातून सवड काढून दोन दिवसांत कड उभी केली. पिवळा पट्टा पुन्हा उघडा पडला. आम्ही वाट पाहिली. फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख आला. विजेच्या तारेवर एक-दोन राघू बसलेले दिसत, पण कडेकडे कोणी फिरकलं नाही. मी रोज जायचो आणि रोज कोरी भिंत बघून परत यायचो. एव्हाना त्यांनी दुसरीकडे घरं केली असतील. त्यांना काय माहीत की इथं कोणी त्यांच्यासाठी जमीन कापून बसलंय? पुरुषोत्तमभाई वाटेत भेटले तर मी डोळे चुकवू लागलो.

पावसाळा संपता संपता माझी बदली तोरणमाळच्या रस्त्याच्या कामावर झाली. तिथला घाट म्हणजे वेगळीच कथा. सहा महिने मला खाली उतरायला सवड मिळाली नाही. रूपसिंगही माझ्याबरोबर वर आला होता. पुढच्या चैत्रात कचेरीच्या कामासाठी नंदुरबारला आलो आणि दुपारी सायकल घेऊन खदानीवर गेलो. जावं की नाही असं दोनदा मनात आलं.

कुंपण काढून टाकलेलं होतं. वर, आपल्या शेताच्या टोकाशी, पुरुषोत्तमभाई मुंडासं बाजूला ठेवून बांधावर बसले होते. शेजारी कुदळ आणि फावडं. कड नव्यानं कापलेली दिसत होती, आम्ही कापली होती त्याहून आत.

"कोणी कापली?" मी खालून विचारलं.

"मी आन मन्हा सालदार गडी. मांगला साल राघू उनात नई ना. कमी कापेल व्हती आपन. औंदा हातभर जास्ती कापी टाकी."

"पण पाटील, तुमची जमीन..."

"तठे उभा नका ऱ्हावू," ते एकदम ओरडले. "मांगे सरका. आन दखा."

मी मागे सरकलो. आधी काही दिसलं नाही. भिंत कोरीच वाटली. मग पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध एक भोक दिसलं, त्याच्या बाजूला आणखी दोन. रेती कडेवर पडून राहिली की तासाभरात उन्हानं पांढरी होते, आतली मात्र ओलसर आणि गडद असते. त्या तिन्ही भोकांखाली रेतीचा एकेक ओघळ उतरला होता, आणि तो गडद होता.

मी तोंड उघडणार तोच वरून हात हलला. गप्प राहा, अशी खूण होती. मधल्या भोकातून पायांनी मागे ढकललेली ओली रेती फुर्रकन बाहेर आली.